भोंग्यांच्या टोप्या

शिवणकाकूंच्या हातचं कव्हर बोटीवर असं बसायचं की मालकालाही आपल्याच बोटीत शिरायला दहा मिनिटं लागायची. लोक हे कुरकुरत सांगत आणि काकूंना ती स्तुती वाटे.

धक्क्याच्या टोकाला त्यांची पत्र्याची खोली होती. आत जाड सुईचं पायमशीन, कॅनव्हासचे ताके, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि खिडकीशी एक स्टूल. तेवीस वर्षं त्या स्टुलावर बसून काकू तलावातल्या बोटींना कपडे शिवत होत्या. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, बायकांचे कपडे शिवा, घरबसल्या काम. काकूंनी मान हलवली. बायकांची मापं दर सहा महिन्यांनी बदलतात आणि दोष शिवणारणीला लागतो, बोट काही जाडी होत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणूस बोलायला फटकळ, पण टाका सरळ.

त्यांना मूलबाळ नव्हतं. होता तो धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि काकू चौदाच्या. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत कुणाला मारून आला तर त्या पोराच्या आईशी भांडण्यापर्यंत सगळं काकूंनी केलं. तेव्हापासून तो छोट्या. आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट पट्ट्याबाहेर आलेलं, मुलगी कॉलेजात, तरी सगळ्या धक्क्याला तो छोट्याच. लहानपणी त्याचं नाक सदा चोंदलेलं असे. काकूंनी किती वाफारे दिले, किती थेंब घातले, नाक काही सुटलं नाही. दूध करपून भांडं काळं झालं तरी हा शेजारी बसून गणितं सोडवत असायचा. मोठेपणी सगळे त्याच्या या नाकावर हसत. त्याची बायको तर म्हणे, यांना जेवायला काय वाढलं ते डोळ्यांनीच कळतं.

छोट्या दातांच्या डॉक्टरांची बोट चालवायचा. डॉक्टरांचा दवाखाना तलावाच्या पलीकडच्या काठाला. रस्त्याने गेलं तर सव्वा तास, पाण्यातून वीस मिनिटं. सकाळी साडेसातला छोट्याने किल्ली फिरवायची, आठ वाजता डॉक्टरांनी पहिला दात बघायचा. बारा वर्षं हा क्रम चालू होता. डॉक्टरही भला माणूस, छोट्याच्या मुलीचे वाकडे दात त्यांनीच सरळ केले होते. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात कुणी दुष्ट नव्हतं. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

या बोटींचं इंजिन मागे, फळीखालच्या बंद पेटीत असतं. पेट्रोलवर चालतं. त्या पेटीत हवा खेळावी म्हणून बोटीच्या दोन्ही कडांवर चार भोंगे बसवलेले असतात, वाजणारे नव्हेत, नुसते पत्र्याचे, जुन्या फोनोला असायचे तसे वाकडे तोंड केलेले. दोन पुढे तोंड करून हवा आत घेतात, दोन मागे तोंड करून बाहेर सोडतात. मागच्या दोघांच्या नळीत एक पंखा असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. किल्ली फिरवण्याआधी तो चार मिनिटं चालवायचा. घूंऽऽ असा आवाज येतो. धक्क्यावर सकाळी हा आवाज सुरू झाला की ज्याला त्याला कळे, आता कोण निघणार ते.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई काकूंकडे आल्या. भोंग्यांत चिमण्यांनी घरटं केलं होतं. "काकू, एवढं मोठं कव्हर शिवलंत, त्या चार भोकांचं काय?"

काकूंकडे निळ्या कॅनव्हासचे तुकडे उरलेले होते. त्यांनी एका दुपारीत चार टोप्या शिवल्या. निळ्या, कडेने पांढरा गोट, आत इलॅस्टिक. बोट उभी असताना घालायच्या, निघताना काढायच्या. इतक्या गोजिऱ्या दिसल्या की दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोटवाल्याने मागितल्या, मग त्याच्या शेजारच्याने. महिन्याभरात अकरा बोटी आणि चव्वेचाळीस टोप्या. धक्क्यावरचा चहावाला म्हणाला, "काकूंनी अख्ख्या तलावाला टोपी घातली." काकूंनी त्याला ऐकवलं, "तुझ्या चहालाही एक शिवते, निदान माश्या तरी पडायच्या नाहीत."

काढ-घाल माणसाला किती दिवस जमते? आठवडाभर. मग टोप्या भोंग्यांवरच राहू लागल्या. बोटी तशाच जायच्या, तशाच यायच्या. त्या काळात धक्क्यावरचे जुने मिस्त्री गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले होते. ते असते तर पहिल्याच दिवशी ओरडले असते. ते दोन वर्षं आलेच नाहीत.

मधेच डॉक्टरांचं प्लास्टर भिजलं. दातांचे साचे करायच्या पांढऱ्या भुकटीची अख्खी गोणी छोट्याने इंजिनाच्या पेटीमागे ठेवली होती. वाऱ्याचा दिवस, लाटेने दोन टोप्या उडवल्या, पाणी भोंग्यातून आत गेलं आणि गोणीचा दगड झाला. डॉक्टर काकूंकडे आले. चिडले नव्हते, पण कपाळाला आठी होती.

"काकू, तुमचं काम आणि उडून जातं?"

हे काकूंना लागलं. त्यांनी दुसऱ्या चार टोप्या शिवल्या. दुहेरी कॅनव्हास, पितळी छल्ले, मेणाचा दोरा, आणि भोंग्याच्या मानेभोवती अशी गाठ की सोडवायला दाभण लागावं. छोट्या बघत उभा होता. काकू म्हणाल्या, "आता वादळ येऊ दे. बोट जाईल, टोपी जाणार नाही."

आपलं हे वाक्य त्यांना पुढे फार वेळा आठवलं.

मिस्त्री परत आले ते काठी टेकत. आल्या दिवशी धक्क्यावरून एक चक्कर मारली आणि सरळ काकूंच्या खोलीत येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"या टोप्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या?"

"माझ्या. का? आवडल्या नाहीत?"

"जरा एक दोऱ्याचा तुकडा घेऊन चला माझ्याबरोबर."

काकूंनी रिळाचा वीतभर दोरा तोडला आणि निघाल्या. मिस्त्रींनी एका रिकाम्या बोटीत ब्लोअर लावला. घूंऽऽ सुरू झालं. टोपीच्या तोंडाशी त्यांनी दोरा धरला. दोरा सरळ खाली लोंबत राहिला. मग त्यांनी टोपी ओढून काढली. दोरा आडवा झाला आणि फडफडायला लागला.

"बघितलंत?" मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही. बादलीत पाणी साचावं तशी तळाशी साचते. पंखा ती ओढून या तोंडातून बाहेर टाकतो. तोंड शिवलं तर पंखा नुसता बडबडतो. आणि बाहेर उभ्या माणसाला वाटतं, वा, काम चाललंय."

"आणि साचली तर?"

"किल्ली फिरवली की स्टार्टरची ठिणगी पडते. चमचाभर पेट्रोलची वाफ पुरते, काकू. फळ्या, गाद्या, माणूस, काही राहत नाही." ते बोटीच्या कठड्यावर टेकले. "आणि इंजिन धरत नाही म्हणून पुन्हापुन्हा स्टार्टर मारत बसला, तर बघायलाच नको. आत पेट्रोल सांडतंय आणि वर ठिणग्या पडतायत."

"पण दोन वर्षं टोप्या आहेत. काही झालं नाही."

"दोन वर्षं काही गळलं नाही. ज्या दिवशी गळेल त्या दिवशी होईल. डॉक्टरांची बोट मघाशी बघितली मी, पेट्रोलच्या नळीला चिरा पडायला लागल्यात."

काकू बसून राहणाऱ्यांतल्या नव्हेत. त्याच दिवशी कात्री घेऊन त्या धक्काभर फिरल्या. दहा बोटींचे मालक काही भांडले नाहीत. टोप्या तशाही विटल्या होत्या. कुणी म्हणाला न्या, कुणी म्हणाला माझ्या मांजराला त्यात झोपायला आवडतं, एक राहू द्या. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस टोप्या पिशवीत आल्या. मांजराची एक सोडली तर उरल्या डॉक्टरांच्या चार. त्याच तेवढ्या न निघणाऱ्या.

छोट्या बोट धूत होता.

"छोट्या, त्या टोप्या काढ."

"का गं?"

काकूंनी सगळं सांगितलं. दोरा दाखवला, वाफ सांगितली, नळी सांगितली. छोट्याने बादली खाली ठेवली, ऐकलं आणि हसला.

"ताई, मिस्त्रींचा गुडघा दुखतोय म्हणून ते सगळ्यांना घाबरवतात. मी रोज ब्लोअर लावतो. चार मिनिटं घड्याळ लावून. तू कधीही ये आणि ऐक."

"ऐकून काय करू? आवाज येतो, हवा जात नाही!"

"आणि टोप्या शिवल्या कुणी? तूच ना? वादळ येऊ दे म्हणालीस."

ज्याला काकूंनी लहानाचं मोठं केलं, ज्याने आजवर त्यांचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता, तो आता त्यांचाच शब्द त्यांच्यापुढे करत होता.

"मी चुकले," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून छोट्याने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तो जरा दचकला. मग म्हणाला, "साहेबांना विचार बाई. त्यांची बोट आहे. मागच्या वेळी पाणी गेलं तर माझ्यावर आलं होतं. मी आपणहून हात लावणार नाही."

काकू तलाव ओलांडून दवाखान्यात गेल्या. बाकावर गाल धरून बसलेल्या माणसांमध्ये दीड तास बसल्या. डॉक्टरांना वाटलं दाढ दुखतेय, त्यांनी खुर्चीवर बसवलंच.

"माझे दात बरे आहेत," काकू म्हणाल्या. "तुमच्या बोटीच्या टोप्या काढायच्यात."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. हातातला आरसा पुसत राहिले. मग पेशंटशी बोलतात त्या गोड आवाजात म्हणाले, "काकू, ब्लोअर रोज चालतो. मी स्वतः ऐकतो. दरवर्षी तपासणी होते, कागद आहे माझ्याकडे. तुम्ही उगाच जीवाला लावून घेऊ नका."

"तो नुसता आवाज करतो हो."

"पुढच्या महिन्यात बोट सर्व्हिसिंगला जाईल, तेव्हा सांगतो त्यांना बघायला." आणि बाहेर डोकावून, "पुढचे कोण?"

तपासणीच्या कचेरीत काकू दुसऱ्या दिवशी गेल्या. खिडकीतला कारकून तरुण होता, अदबीने बोलला. त्याने डॉक्टरांच्या बोटीचा कागद काढून दाखवला. एक रकाना होता, ब्लोअर चालतो का, होय किंवा नाही. होय वर बरोबरची खूण.

"पण भोंगे झाकलेत."

"मावशी, भोंग्यांचा रकाना आहे, भोंगे आहेत का असा. आहेत ना?"

"आहेत. पण त्यांच्यावर टोप्या आहेत."

त्याने कागद मागून पुढून पाहिला. त्याला खरंच मदत करायची होती असं काकूंना वाटलं. "टोप्यांचा रकाना नाही हो," तो म्हणाला. "पुढची तपासणी आठ महिन्यांनी. अर्ज देऊन ठेवता का?"

काकूंनी अर्ज दिला. त्याने पोच दिली. काकू त्या कागदाची घडी घालून बाहेर आल्या आणि त्यांना कळेना की आता यानंतर कुठे जायचं असतं.

मग त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केलं. एका सकाळी साडेसहाला, धक्क्यावर कोणी नसताना, दाभण आणि कात्री घेऊन त्या डॉक्टरांच्या बोटीवर चढल्या. स्वतःचीच गाठ सोडवायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली, शेवटची तर कापावीच लागली. चारही टोप्या पिशवीत घालून त्या खोलीत येऊन बसल्या. साडेसातला ब्लोअरचं घूं ऐकलं आणि मनात म्हणाल्या, आज तरी तू काम करतोयस.

नेमका त्या दिवशी वारा सुटला. पुन्हा पाणी आत गेलं. या वेळी गोणी नव्हती, पण दवाखान्याच्या कागदांची पेटी होती. संध्याकाळी छोट्या काकूंच्या दारात आला, आत आला नाही.

"तू काढल्यास?"

"हो."

"साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो मला माहीत नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं." त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मुलीचं शेवटचं वर्ष आहे, ताई. ही नोकरी गेली तर या वयात मला कोण बोट देणार?"

"नोकरी जाईल रे, दुसरी मिळेल. तू गेलास तर..."

"तू आता धक्क्यावर माझ्या बोटीपाशी येऊ नकोस." एवढं बोलून तो गेला. जाताना दारातल्या चपला पायाने नीट एका रेषेत लावून गेला, लहानपणी काकूंनी लावलेली सवय.

डॉक्टरांनी कॅनव्हासवरचा विश्वास सोडला. त्यांच्याकडे साच्यांचं रबर होतं, साचे करणारा माणूस होता. त्यांनी चारही भोंग्यांच्या तोंडाची मापं घेऊन रबराची बुचं बनवून घेतली, दाताच्या साच्याइतकी अचूक. दाबून बसवली की बोटाने निघत नाहीत. वरून तोवर डॉक्टरांचा स्वतःचा धक्काही बांधून झाला होता, बंगल्याखाली, वळणापलीकडे. बोट तिकडे गेली. कुंपण, कुत्रा आणि फाटकावर पाटी. काकूंच्या खिडकीतून ती जागा दिसतही नाही, तिथला आवाजही येत नाही.

निदान दोन वर्षं त्यांच्या टोप्यांतून थोडीफार तरी हवा झिरपत असेल. रबरातून काय झिरपणार. काकूंनी मिस्त्रींना विचारलं, "आता?" मिस्त्रींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी डॉक्टरांशी बोललो. ते आता दुसरीकडे सर्व्हिसिंग करतात. मी म्हातारा झालोय म्हणाले." मग म्हणाले, "नळी बदलली असेल तर काही होणार नाही. पन्नास वर्षंही होणार नाही."

"बदललीय का?"

"मला कसं कळणार?"

पंधरा दिवसांनी छोट्याची बायको आली. नणंदेचा चेहरा बघून तिने घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्या रात्री छोट्याचा फोन आला. राग उतरला होता, लाज होती.

"ताई, बुचं मला काढता येत नाहीत. साहेब बोटीतच असतात. पण तुझ्यासाठी एक करतो. रोज किल्ली फिरवायच्या आधी इंजिनाचं झाकण उघडून वास घेईन. पेट्रोलचा वास आला तर हात लावणार नाही. तुझी शपथ."

काकूंच्या डोळ्यांपुढे करपलेलं दूध आलं, काळं झालेलं भांडं आणि शेजारी वहीत डोकं घालून बसलेलं, तोंडाने श्वास घेणारं पोर.

"छोट्या, तुला वास येतो का रे?"

"म्हणजे काय? एवढ्या उग्र पेट्रोलचा येणार नाही होय?"

"शेवटचा कसला आला होता?"

तो हसला. "तू पण ना. आणि पलीकडे पोचलो की मिसकॉल देत जाईन. मग तर झालं?"

तेव्हापासून काकूंच्या दिवसाला हे वळण पडलं. साडेसातला त्या मशीनवरचा पाय काढतात. त्या वीस मिनिटांत शिवलेला टाका वाकडा जातो, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, समोर घड्याळ. आठाला दहा कमी असताना फोन एकदा वाजून थांबतो. मग त्या पायपट्टीवर पाय ठेवतात. भिंतीवर खुंटीला एकोणचाळीस टोप्यांची पिशवी अजून लटकते. टाकवत नाही, उसवून दुसरं काही शिववतही नाही.

परवाच्या मंगळवारी आठाला दहा कमी झाले, फोन वाजला नाही. आठ वाजले. काकूंनी फोन उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना. त्या खोलीबाहेर आल्या. वळणाकडे बघितलं. पाणी सपाट होतं, आकाशात धूर नव्हता. धूर नाही म्हणजे काय समजायचं, हे विचारायला मिस्त्रीही जागेवर नव्हते. छोट्याला फोन लावला, घंटी वाजत राहिली. भावजयीला लावावा तर ती विचारणार का हो, काय झालं, आणि हिला सांगायचं काय? सव्वाआठ. काकू आत आल्या, पाणी प्यायला पेला भरला आणि तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

आठ सत्तावीसला फोन वाजला. एकदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला.

"ताई, घाबरलीस ना?" छोट्या, नेहमीचाच, नाकातून बोलणारा. "अगं इंजिनच धरेना आज. दहा-बारा वेळा स्टार्टर मारला, तेव्हा कुठे लागलं. साहेबांना उशीर, एक बाई दाढ धरून बसलीय."

काकूंनी पेला खाली ठेवला. "ब्लोअर चालू होता?"

"आधी लावला होता चार मिनिटं. मग बंद केला, बॅटरी उतरायला नको म्हणून."

"आणि वास?"

"घेतला की. झाकण उघडून, चांगला खाली वाकून घेतला. काही नव्हतं, अगदी स्वच्छ." पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली. "सोडू? उद्यापासून वेळेवर देतो."

"छोट्या."

"काय?"

बारा वेळा. काकूंना ओरडायचं होतं, रडायचं होतं, फोनमधून हात घालून त्याचा कान धरायचा होता. यातलं सगळं करून झालेलं होतं.

"डबा नेलायस ना?" त्यांनी विचारलं.

"नेलाय."

"वेळेवर खा."